ससोबाच्या हातचा घास

रविवार, २२ फेब्रुवारी १९८७

एकदाचं सामान लागलं! मिरजेहून निघताना सासूबाईंनी बजावलं होतं की मुंबईची घरं म्हणजे काड्यापेट्या. पण घाटकोपरच्या या पंतनगरातल्या काड्यापेटीला दोन खिडक्या आहेत, स्वयंपाकघरातच मोरी आहे आणि नळाला सकाळी चांगलं जोरात पाणी येतं. आल्या आल्या मी आधीच्या भाडेकरूंची मोरी सोडा लावून घासून काढली. जयवंत म्हणाला, लोक नव्या घरात आधी देव मांडतात, तू खराटा मांडतेस. म्हणू दे बापडा. उष्टं, खरकटं आणि चिकट हे शब्द नुसते ऐकले तरी मला मळमळतं, हे मी त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं.

नंदू येत्या रविवारी सहा महिन्यांचा होईल. हसरा आहे, गुटगुटीत आहे. मान छान धरतो, पण बसवलं की भाताच्या मुदीसारखा एका बाजूला कलतो. अजून अंगावरच्या दुधाशिवाय त्याच्या पोटात काही गेलेलं नाही, कारण उष्टावण राहिलंय. पहिला घास मामाने भरवायचा, आणि आम्ही पडलो तिघी बहिणीच. म्हणून मुलुंडचा माझा चुलतभाऊ चंद्रप्रकाश मामा होणार आहे. पुढे जावळ काढायचं तेही त्याच्याच मांडीवर, असं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलंय.

शेजारच्या मालनकाकू कणकवलीकडच्या. यजमान गिरणीत होते, संपानंतर आता कुठेतरी वॉचमन आहेत. काकूंनी लगेच सोलकढीचा तांब्या आणून दिला. तांब्याच्या काठाला काहीतरी वाळून चिकटलं होतं. मी कढी मोरीत ओतली आणि फार छान झाली होती म्हणून सांगितलं. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच ठेवलीय. इथे तशी पद्धत आहे म्हणे.

जयवंतला ऑफिसातून 'मौजनगरी'चे पास मिळालेत. मानखुर्दच्या अंगाला खाडी बुजवून नवी बाग काढलीय, पाळणे आहेत, छोटी आगगाडी आहे, आरशांचं घर आहे. येत्या रविवारी तिथेच हिरवळीवर नंदूचं उष्टावण करायचं, चंद्रप्रकाशने परस्पर फाटकावर यायचं, असा बेत ठरला. मला बाई फार उत्साह आलाय.

सोमवार, २ मार्च

काल मौजनगरीला जाऊन आलो. मी आल्यावर दोनदा डोक्यावरून आंघोळ केली.

लांबून सगळं झकास दिसतं. जवळ गेलं की कळतं. भराव घातलेल्या जमिनीतून चपलेखाली काळं पाणी पचपचत होतं. वारा देवनारच्या कचऱ्याच्या डम्पिंगवरून येत होता, आणि त्या वासात लोक मजेत भेळ खात होते! पाळण्याच्या दांड्यांना कुणाकुणाच्या हातची आइस्क्रीमं वाळून बसलेली. नंदूचा लंगोट बदलायला बाक शोधला, तर तिथे आधीच्या बाळाचा लंगोट तसाच टाकलेला, माश्यांसकट. मी उभ्यानेच बदलला. जयवंतने बाळाला धरलं आणि मी नाकाला पदर लावून श्वास धरला.

चंद्रप्रकाश आलाच नाही. भर उन्हात फाटकाशी उभे राहून आम्ही कंटाळलो. डब्यात तांदळाची खीर, पिशवीत चांदीची वाटी-चमचा आणि कुंकवाची डबी. दुपार कलायला लागली तशी मी डबा उघडून हुंगला. खीर उतरायच्या बेतात होती.

तेवढ्यात आरशांच्या घरामागून तो आला. ससोबा. मुलांना हसवायला हे लोक एका माणसाला सशाचं सोंग घालून हिंडवतात. गुलाबी लोकरीचं अंग, लोंबते कान, पुढे आलेले दोन मोठे दात. दातांमागे काळी जाळी, त्यातून आतला माणूस बघत असणार. लोकर कधीकाळी गुलाबी असेल. आता पोटावर आणि हातावर ती चिकटून वळ्या झाली होती, आणि वास असा की कपाटामागे उंदीर मरावा आणि कुणी त्यावर अत्तर शिंपडावं. मी दोन पावलं मागे सरले.

आणि जयवंतला चेष्टा सुचली. त्याने ससोबाला हाक मारली. "आमचा मामा आला नाही, यार. तुम्हीच मामा व्हा ना!" भोवती माणसं जमली, टाळ्या वाजल्या. फोटोवालाही धावत आला. मी जयवंतला चिमटा काढला तर म्हणाला, अगं, गंमत आहे, घरी गेल्यावर परत करू नीट. परत काय करणार, पहिला घास एकदाच असतो! पण सगळे बघत होते. मी मुकाट्याने मांडी घालून बसले, भावाला लावतात तसं कुंकू ससोबाच्या कपाळावर लावलं, आणि बोट ओलं झालं.

त्याने चमचा घेतलाच नाही. हातमोज्याचं बोट खिरीत बुडवलं आणि नंदूच्या तोंडात घातलं. नंदूने ते चोखलं. आवाज करत चोखलं. मग उरलेली वाटी ससोबाने आपल्या जाळीला लावली, आणि माझ्या हातात परत दिली तेव्हा ती स्वच्छ होती. स्वच्छ आणि ओली.

तरी वळण जात नाही ना! निघताना मी तोंडभर हसून म्हणाले, "जावळालाही तुम्हीच यायचं हं. या घरी." अशी म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणाले. त्याने मान हलवली. कान हलले नाहीत, नुसती मान.

वाटी मी उकळून काढलीय. तरी वास जात नाही.

बुधवार, ४ मार्च

चंद्रप्रकाशच्या बायकोचं पत्र आलं. त्याला कावीळ झालीय, अंथरुणातून उठता येत नाही, म्हणून रविवारी येऊ शकला नाही. बिचाऱ्याने माफी मागितलीय.

नंदू दूध घेत नाहीये. पाजायला घेतलं की तोंड फिरवतो. रडतही नाही, नुसता माझ्याकडे बघतो, आणि त्याच्या तोंडाला त्या सोंगाचा वास येतो. जयवंत म्हणतो, वारा देवनारकडून येतोय. खिडक्या बंद केल्या. बंद खोलीत वास वाढला.

शनिवार, ७ मार्च

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. मी म्हटलं, चार दिवस याने काही घेतलेलं नाही. त्यांनी नंदूला काट्यावर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, वजन तर वाढलंय बाई, उपाशी मूल असं दिसत नाही. कुणीतरी भरवत असणार, घरात आणखी कोण आहे, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही म्हटलं, तर हसले.

पण वजन खरंच वाढलंय. उचलताना जाणवतं. मांड्यांच्या वळ्यांत बोट घातलं तर आत तुपकट घाम येतो, पांढरा. मी पुसते आणि हात धुते. परत उचलायचं, परत धुवायचं. आज हातांची सालं निघाली.

संध्याकाळी त्याच्या तोंडात टाळ्याला काहीतरी चिकटलेलं दिसलं. बोट घालून ओढलं तर लांबत गेलं. लोकर होती, भिजलेली, गुलाबी. मी मोरीत ओकले.

मंगळवार, १० मार्च

दुपारी मला अलीकडे फार गाढ झोप लागते. उठते तेव्हा नंदूच्या ओठांभोवती खीर वाळलेली असते आणि हनुवटीवर मुंग्या. आमच्या घरात त्या रविवारनंतर खीर झालेली नाही. जयवंतला सांगितलं. तो म्हणाला, क्षमा, तू दमलीयेस गं. त्याने नंदूला उचलून मुका घेतला, आणि मग गॅलरीत जाऊन गुपचूप तोंड पुसलं. मी पाहिलं.

गुरुवार, १२ मार्च

आज मालनकाकूंनी जिन्यात गाठलं. माझा भाऊ फार चांगला आहे म्हणाल्या. मी विचारलं, कोण भाऊ?

"अगो, तुझो भाव! रोज दुपारी येता. तू निजलेली असतंस म्हणान मीच किल्ली देतंय तेका." जाडसा आहे, काही बोलत नाही, नुसता हसतो, दात जरा पुढे आहेत, भाच्यासाठी डबा आणतो, असं सगळं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "रागावू नको हां, पण आंघोळ करणा नाय काय तो?"

मला भाऊ नाही, हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी भांडण काढतेय. म्हणाल्या, तूच त्याला घरी बोलावलंस असं तो म्हणाला.

मग काही बोलत नाही म्हणालात ते, असं मी विचारलं. काकू गोंधळल्या. त्यांना आठवेना की तो हे कसं म्हणाला.

किल्ली परत घेतली.

मंगळवार, १७ मार्च

जयवंतने रजा टाकली. घरातल्या फरशीवर त्याला ओले, गोल ठसे दिसले होते, दारापासून पाळण्यापर्यंत. आता तो चेष्टा करत नाही. नंदूला घेऊन दोघं परत मौजनगरीत गेलो. त्या माणसाला गाठायचं, पाया पडायला लागलं तर पडायचं, आणि नातं तोडून टाक म्हणायचं.

मॅनेजरने उलट आम्हालाच झापलं. ससोबाचं सोंग चोरीला गेलंय. आम्ही गेलो होतो त्याच दिवशी, दुपारी. ते घालायचा तो माणूस, धोंडिराम, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. अगदी साधा, किडकिडीत. त्याने सांगितलं की त्या दिवशी उन्हाने त्याला चक्कर आली, म्हणून त्याने सोंग उतरवून खुंटीला टांगलं आणि तो सावलीत जाऊन पडला. उठून पाहिलं तर खुंटी रिकामी.

म्हणजे आमच्यासमोर आला तेव्हा आत धोंडिराम नव्हता.

जयवंतने विचारलं, मग कोण होतं? धोंडिरामला माहीत नव्हतं. चोरीचा आळ आपल्यावर येतोय याचीच त्याला काळजी. एवढंच म्हणाला, "सकाळी पहिल्यांदा घालायचो ना बाई, तरी आत ओलं न् गरम लागायचं. आत्ताच कोण उठून गेल्यासारखं." खुंटीखाली भिंतीवर माणसाएवढा तेलकट डाग होता आणि त्यावर माश्या नुसत्या मावत नव्हत्या. नंदूने डाग पाहिला आणि दोन्ही हात पसरले. घ्या म्हणतात तसे. माझ्याकडे यायला त्याने असे हात कधीच पसरले नाहीत.

बुधवार, १८ मार्च

कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहिते. मला माझ्या मुलाची किळस येते. तो माझा आहे, त्याच्यासाठी मी जीव देईन. पण तो गालाला गाल लावतो तेव्हा माझं अंग आक्रसतं. आज त्याला साबण लावताना मी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. त्याला ते समजलं. हसला.

शुक्रवार, २० मार्च

नंदूला दात आले. एका रात्रीत दोन. वरचे. रुंद, पिवळट, पुढे आलेले.

मालनकाकूंनी पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. खालचे सोडून वरचे दात आधी आले की मामावर भारी, असं आमच्या मिरजेतही मानतात. मामाने भाच्याचं तोंड पाहू नये म्हणाल्या. "तुझ्या भावाक सांग गो बाये. तेच्या जीवावर येतला."

मला हसू आवरेना. काकू घाबरल्या. पण मी देवापुढे साखर ठेवली! मामावर भारी ना? मग पडू दे त्याच्यावर. सडू दे त्याला. बोलावून, कुंकू लावून मीच त्याला मामा केलंय, तर मामाचं मरणही त्यानेच घ्यावं.

आज दुपारी कुणी आलं नाही. फरशी कोरडी होती. नंदूने घोटभर दूध घेतलं, दात लागले तरी मी हूं की चूं केलं नाही. जयवंत आनंदाने नाचला. सुटलो बहुतेक.

सोमवार, २३ मार्च

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन आला. चंद्रप्रकाश गेला.

कावीळ उतरली होती. पेज पीत होता. नुसती पेज, आणि घास अडकला. वहिनी रडत सांगत होत्या, डॉक्टरांनी चिमट्याने घशातून कापसासारखं काहीतरी ओढून काढलं, निघतच राहिलं. गुलाबी. घरात तसं काही नाही म्हणाल्या, कुठून गेलं असेल हो पोटात?

तो कधी मौजनगरीत गेलाच नव्हता. त्याने नंदूला पाहिलंसुद्धा नव्हतं.

दात खऱ्या मामावर आले. आणि मी साखर ठेवली होती.

आता मामा एकच उरला.

मंगळवार, २४ मार्च. सकाळ

जयवंत मुलुंडला गेलाय. तान्ह्या मुलाला सुतकाच्या घरी नेत नाहीत. मी म्हटलं नेऊ या, पण तिकडून निरोप आला, नको. दुपारपर्यंत येतो म्हणालाय. दार आतून लावलंय. कडी, बोल्ट, वर टेबल.

नंदूच्या डोक्यावरचं जावळ आज हाताला ओलं लागतंय. चिकट. बोटाला गुलाबी —

दुपार

काकूंनी दाराबाहेरून हाक मारली. "क्षमा, उघड गो. तुझो भाव इलो हा. वाटी घेवन." नको म्हणून ओरडले. त्या म्हणाल्या, असा काय करतंस, तूच बोलावलंस ना तेका जावळाक. मग त्यांचा आवाज थांबला. मग त्या खोकायला लागल्या. घशात काही अडकल्यासारख्या.

आता खोकतही नाहीत.

स्वयंपाकघरात आलेय. इथली कडी लावली. नंदू मांडीवर. डाव्या हाताने कवटाळलाय, वही गुडघ्यावर. तो दाराकडे बघून हात पसरतो. सोडणार नाही. काही झालं तरी सोडायचं नाही. माझ्या हातात आहे तोवर —

बाहेरचं टेबल सरकलं. हळू. कुणी पाहुणा अदबीने सरकवतो तसं.

दाराखालून वास. पचपच. पचपच. थांबलं.

मी ओरडले, नाही, तू कुणी नाहीस आमचा. कुंकू पुसलं समज. बोलावणं परत घेते. कुंकू लावून केलेलं नातं असं दारातून —

नंदू ओकला. माझ्या दोन्ही हातांवर. गरम, खीर, लोकर, त्यात काहीतरी हलतंय. बोटांच्या फटीत गेलं. देवा. बांगड्यांखाली गेलं —

सोडायचा नाही. माझा आहे. सोडायचा नाही

सहन होत नाही. नळ इथेच आहे, हाताशी. कडी लावलेली आहे. नंदूला क्षणभर पाटावर टेकवते, नुसते हात धुते, लगेच —

धुतले.

कडी तशीच लागलेली आहे. नंदू पाटावरच आहे. बसलाय. ताठ. त्याला बसता येत नाही, तो कलतो, त्याच्या मागे कुणी मांडी